आवड आणि निवड

मराठीत 'आवडनिवड' असा एक जोडशब्द रूढ आहे. त्यात आवड आधी आली आहे आणि निवड तिच्या मागून चालते आहे. माणसाच्या मनात आवड आधीच ठरलेली असते आणि बाजारात, पंगतीत किंवा आयुष्यात निवडीचा प्रसंग आला म्हणजे ती केवळ बाहेर पडते, असा आपला सर्वांचा समज या शब्दात साठलेला आहे. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे म्हणून आपण वाद मिटवतो. ज्याची त्याची आवड, तिथे कोणी काय बोलावे! हा समज कितपत खरा आहे, हे आज आम्हांला श्रोत्यांपुढे तपासून पाहावयाचे आहे.

हा विषय सोलापुरात मांडताना मुद्दाम दुरून उदाहरणे आणण्याचे कारण नाही. हे शहर गेली कित्येक दशके दुसऱ्यांच्या आवडीवर पोट भरत आले आहे. येथल्या मागावर विणलेली चादर कोणी पसंत करील की नाही, यावर हजारो घरांची चूल अवलंबून राहिली. दुसऱ्या बाजूने, या जिल्ह्याची स्वतःची एक पक्की आवड आहे, ती म्हणजे ज्वारीची भाकरी. एक आवड आपण विकतो, दुसरी आपण जपतो. या दोहोंच्या आधाराने आवड कशी घडते याचा विचार केला, तर तो पुस्तकी राहणार नाही.

प्रथम शास्त्रात या प्रश्नाचे काय झाले ते थोडक्यात पाहू. अर्थशास्त्राने बराच काळ आपल्या जोडशब्दाचीच वहिवाट पत्करली होती. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३८ साली असा विचार मांडला की, गिऱ्हाइकाच्या मनात डोकावण्याची गरजच नाही. तो काय उचलतो एवढे पाहिले म्हणजे त्याची आवड उघड होते. हिशेबाला ही कल्पना फार सोयीची होती. परंतु १९७१ साली सारा लिक्टेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तिला धक्का दिला. त्यांनी माणसांपुढे दोन पैजा ठेवल्या. एकीत जिंकण्याची शक्यता मोठी, पण रक्कम लहान. दुसरीत शक्यता लहान, पण रक्कम मोठी. 'दोहोंतली कोणती घ्याल?' असे विचारले की पुष्कळजण पहिली घेत. पण 'ही पैज तुमच्या मालकीची असती तर केवढ्याला विकली असती?' असे विचारले की तीच माणसे दुसरीला जास्त किंमत सांगत. १९७३ साली त्यांनी लास वेगास येथील जुगारघरात, पैजांतच मुरलेल्या लोकांवर हा प्रयोग पुन्हा केला, आणि तोच अनुभव आला.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आवड जर मनाच्या कोठारात आधीच मोजून ठेवलेली असती, तर विचारण्याची पद्धत बदलल्याने ती उलटली नसती. निवडीचा प्रसंग आला म्हणजे मन हाताशी असलेल्या सामग्रीतून आवड तिथल्या तिथे उभी करते, असे पुष्कळ वेळा घडते. ती सामग्री कोणती? आमच्या मते ती मुख्यतः पाच ठिकाणांहून येते: परिचय, प्रतिष्ठा, मांडणी, निवडीनंतरचे समर्थन आणि हाती येण्याजोगे असेल ते. या पाचांचा क्रमाने विचार करू.

परिचयाची गोष्ट ज्वारीपासून सुरू होते. लहान मुलाला जिभेची आवड शिकवावी लागत नाही असे आपल्याला वाटते. परंतु ते शिक्षण पाळण्याच्याही आधी सुरू झालेले असते. २००१ साली फिलाडेल्फिया येथील ज्युली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गरोदरपणात किंवा अंगावर पाजण्याच्या काळात आईने गाजराचा रस घेतला असेल, तर पुढे तिच्या मुलाला गाजराच्या चवीचे अन्न अधिक सहज रुचते. म्हणजे आईच्या ताटातली चव मुलाच्या ओळखीची होऊनच ते जगात येते. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली हेच सूत्र अधिक व्यापक केले. अर्थ न कळणारी अक्षरे असोत की अनोळखी चेहरे असोत, जे वारंवार डोळ्यांपुढून जाते ते, दुसरे काही कारण नसतानाही, आपल्याला अधिक बरे वाटू लागते. ओळखीचे ते आपले, आणि आपले ते चांगले, अशी मनाची चाल आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला मालदांडीची भाकरी, तीवर शेंगांची चटणी, आणि जमल्यास थंडीत हुरडा, हे सुखाचे अंतिम रूप वाटते त्याचे अर्धे कारण हे आहे. परंतु अर्धेच. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी १९६४ सालाकडे जावे लागेल. त्या वर्षी ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, देशात प्रसृत झाले. उत्पन्न भरघोस होते, सरकारचा पाठिंबा होता, आणि देशाला धान्याची निकड होती. तरीही घरात खाण्यासाठी लोकांनी त्याला मनापासून जवळ केले नाही. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत शिरला तो काहीसा नाक मुरडूनच. आजही एखाद्या गोष्टीत अस्सलपणा नाही असे सुचवायचे असले की खेड्यातला माणूस तिला 'हायब्रीड' म्हणतो.

पुष्कळ शहाण्यांनी त्या काळी याला शेतकऱ्यांची जुनाट खोड म्हटले. पण जरा खोलात जाऊन पाहावे. खरिपातले ते संकरित पीक पावसाचे दिवस पुरते सरले नसतानाच पिकत असे. पाऊस लागला की कणसांवर बुरशी धरून दाणा काळा पडे. रब्बीची ज्वारी पिकते ती कोरड्या थंडीत, जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर. तिचा दाणा मोत्यासारखा स्वच्छ निघतो. शिवाय संकरित वाणाचे ताट आखूड, म्हणजे कडबा कमी. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे त्याने दाण्याबरोबर कडब्याचाही हिशेब का करू नये? तेव्हा 'आम्हांला मालदांडीच आवडते' या चार शब्दांत चवीबरोबर जमीन, पाऊस आणि जनावरे यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान गुंडाळलेले होते. बोलणाऱ्याला ते सगळे शब्दांत सांगता आले नसते. म्हणून तो 'आवड' एवढेच म्हणाला. स्वातंत्र्यापूर्वीच याच जिल्ह्यात, मोहोळ येथील संशोधन केंद्रावर, स्थानिक मालदांडीतून 'एम ३५-१' हे वाण निवडून काढण्यात आले, आणि ते इतकी वर्षे टिकून राहिले, याचेही रहस्य हेच. ज्या वाणात लोकांच्या आवडीची कारणे आधीच विणलेली होती, त्यातूनच ते उचललेले होते. सरकारच्या हमीभावाच्या यादीतही संकरित ज्वारी आणि मालदांडी अशा दोन वेगळ्या ओळी असतात. २०२४-२५ या हंगामासाठी पहिलीचा भाव क्विंटलला ३,३७१ रुपये व दुसरीचा ३,४२१ रुपये होता. लोकांच्या आवडीला सरकारी कागदावर ५० रुपयांचा मान मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा परिचयाने घडलेली आवड आंधळी असते असे कोणी समजू नये. तिच्यात पुष्कळदा अनुभवाचा अर्क असतो. पण नेहमीच असतो असेही नाही, आणि म्हणून दुसऱ्या सामग्रीकडे वळू.

ही दुसरी सामग्री म्हणजे प्रतिष्ठा, अर्थात चार लोकांची नजर. ज्वारीच्या या मुलखात गव्हाची पोळी ही सणाची, पाहुण्याची गोष्ट होती. रोजच्या ताटात भाकरी आणि पाहुण्याच्या ताटात पोळी, असा दंडक असला म्हणजे मुलाला काय शिकवण मिळते? पोळी ही मोठ्यांची, भाकरी ही रोजच्यांची. पुढे गहू स्वस्त झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरविले, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत देण्यात येऊ लागले. भरडधान्याचे नाव कायद्यात असले तरी दुकानात बहुधा गहू आणि तांदूळच मिळत आले. त्यामुळे सणाची पोळी रोजची झाली आणि मुलांना तीच 'आवडू' लागली. यात त्या मुलांच्या जिभेचा कौल किती, पाहुण्याच्या ताटाचा किती आणि स्वस्त गव्हाचा किती, हे वेगळे काढून दाखवणे कोणालाही कठीण आहे.

आणि आता पाहा, वारे फिरले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी यांना 'पौष्टिक तृणधान्य' हे नाव दिले. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष या धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्रीअन्न' म्हटले गेले. कालचे भरडधान्य आज श्रीअन्न झाले; दाणा मात्र तोच, जातेही तेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोठ्या शहरांतल्या खाणावळींत भाकरी ही आता पोळीहून महाग पडणारी, मागून घेण्याची गोष्ट झाली आहे. जी भाकरी पाहुण्यासमोर ठेवायला कोणी संकोचत होते, तीच आज पाहुणा मागून घेतो. प्रतिष्ठेने आवड काढून घेतली होती, प्रतिष्ठेनेच ती परत आणली.

परंतु येथे एक अडचण राहते, आणि ती गंभीर आहे. भाकरी थापायला हात लागतो. पीठ ताजे हवे, ते परातीत चांगले मळायला हवे, थापताना बोटांना अंदाज हवा. पीठ जुने झाले की भाकरीला चिरा पडतात, आणि हात नवखा असला की ती तव्यावर जाण्याआधीच मोडते. मधल्या एका पिढीने हे शिकण्याचे सोडले, तर पुढच्या पिढीची जीभ राजी असूनही घरात भाकरी होणार नाही. आवड केवळ मनात राहत नाही, ती हातांत आणि भांड्यांतही राहते. हात विसरले की आवडीचे घरच मोडते.

तिसरी सामग्री मांडणी. यासाठी चाटी गल्लीत जाऊ. कापडाच्या पेढीवर दुकानदार घड्या उलगडून एकावर एक टाकत असतो. गिऱ्हाईक हात लावते, उचलून वजन पाहते, उलटी बाजू पाहते आणि अखेर म्हणते, 'ही द्या.' का, असे विचारले तर कारण तयार असते: विणीत दम आहे, रंग पक्का दिसतो. या कारणांविषयी १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक मोठा मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्यांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितले. डावीकडून उजवीकडे अनुक्रमे शेकडा १२, १७, ३१ आणि ४० जणांनी ते पसंत केले. गंमत अशी की, चारही जोड अगदी एकसारखे होते. लोकांनी विणीची, पोताची कारणे दिली. जोड कोठे ठेवला होता हे कारण कोणीही सांगितले नाही, आणि तसे सुचवले तेव्हा बहुतेकांनी ते साफ नाकारले. माल एकच असता केवळ जागेने आवड निर्माण केली, आणि मनाने तिला कारणांची चादर पांघरली.

मांडणीचा दुसरा प्रकार तुलनेचा. समजा, दुकानदारापुढे दोन चादरी आहेत. एक जाड आणि महाग, दुसरी पातळ आणि स्वस्त. गिऱ्हाईक दोहोंत घुटमळते. इतक्यात त्याने तिसरी काढली: पहिलीइतकीच महाग, पण तिच्याहून पातळ. ही तिसरी कोणी घेत नाही. पण ती समोर आल्यामुळे पहिली एकाएकी फायद्याची दिसू लागते, आणि पुष्कळांचा हात तिच्याकडे वळतो. १९८२ साली जोएल ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिणाम पद्धतशीर दाखवून दिला. आमच्या व्यापाऱ्यांना तो शोधनिबंध वाचण्याची गरज पडली नसती. काय आधी उलगडावे आणि काय मागून, ही त्यांची विद्या गादीवर बसूनच आलेली असते.

मग गिऱ्हाईक पुरते दुकानदाराच्या हातचे बाहुले आहे काय? तसे नाही. १९८८ साली अर्विन लेव्हिन आणि गॅरी गेथ यांनी एकाच मांसाचे वर्णन काहींना 'शेकडा ७५ चरबीविरहित' असे आणि काहींना 'शेकडा २५ चरबीयुक्त' असे सांगितले. अर्थ एकच, पण पहिल्या वर्णनाच्या लोकांना ते मांस अधिक चांगले वाटले. मात्र प्रत्यक्ष चव घेतल्यावर हा फरक पुष्कळ कमी झाला. शब्दाची सत्ता अनुभवापुढे ओसरते. ज्याने चादर पाच वर्षे अंगावर घेतली आहे आणि दर पावसाळ्यानंतर धुतली आहे, त्याला घडी कोठे ठेवली होती याचे भुलावण फारसे पडत नाही. मांडणीचा जोर असतो तो अजाण माणसावर, आणि आपण प्रत्येकजण शंभरांतल्या नव्वद गोष्टींत अजाणच असतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द बोलला पाहिजे. या क्षेत्रातले सर्वच गाजलेले प्रयोग पुढच्या कसोटीला उतरले आहेत असे नाही. २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी असे दाखवले की, दुकानात २४ प्रकारचे मुरांबे मांडले तर थांबून पाहणाऱ्यांपैकी शेकडा ३ लोक विकत घेतात, आणि ६ प्रकार मांडले तर शेकडा ३०. 'फार पर्याय म्हणजे फार गोंधळ' हे वाक्य त्यानंतर जगभर फिरले. पण २०१० साली अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब केला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी पर्यायांनी माणूस गोंधळला, काही ठिकाणी सुखावला. आपल्याला काय हवे हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याला पर्यायांची गर्दी सहसा जाचत नाही. सणापूर्वी चाटी गल्लीत शंभर घड्या उलगडायला लावून एक साडी घेणारी जाणती बाई पाहिली म्हणजे हे पटते.

चौथी सामग्री निवडीच्या नंतर तयार होते, आणि येथे आपला जोडशब्द पुरता उलटा होतो: निवड आधी, आवड मागून. १९५६ साली जॅक ब्रेम यांनी काही तरुणींना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले, मग त्यांपैकी दोहोंतले एक भेट म्हणून निवडू दिले, आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्या वस्तूचे घटले. पुढे या प्रयोगाच्या पद्धतीवर योग्य आक्षेप घेतले गेले आणि ती सुधारून परिणाम पुन्हा तपासला गेला. तो लहान झाला, पण नाहीसा झाला नाही. २००५ साली स्वीडनमध्ये पेटर योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर याहून पुढची मजल मारली. दोन छायाचित्रांतले अधिक आकर्षक कोणते हे माणसाला निवडायला सांगावयाचे, आणि हातचलाखीने त्याच्या हाती न निवडलेले चित्र देऊन विचारावयाचे, 'हे का निवडलेत?' बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही, आणि जे निवडलेच नव्हते त्याच्या आवडीची कारणे लोकांनी मनापासून सांगितली.

आपल्या पूर्वजांना हे निराळ्या वाटेने ठाऊक होते. 'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण आठवून पाहा. मीठ मिठासारखेच खारट आहे. पण नावड आधी ठरली, आणि चव मागून तिच्यासाठी साक्ष द्यायला आली. घरात सुनेविषयी, कचेरीत हाताखालच्या माणसाविषयी, गावात दुसऱ्या आळीविषयी आपण जी 'कारणे' देतो, त्यांतली किती मिठासारखी अळणी असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पाचवी सामग्री सर्वांत अवघड, कारण तिच्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न येतो. जे हाती येण्यासारखे आहे तेच आवडून घेण्याची माणसाला सवय असते. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हे आपण हसत सांगतो. पण ज्याला वेलीपर्यंत उडीच मारू दिली जात नाही त्या कोल्ह्याचे काय? आपल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येते. सर्वांची जेवणे झाली, ताज्या भाकरी संपल्या, टोपल्यात सकाळची एक उरली आहे. आई म्हणते, 'मला शिळीच आवडते.' कदाचित खरेच आवडत असेल. शिळ्या भाकरीची एक गोडी आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्या घरात ती आवड नेमकी शेवटी जेवणाऱ्या बाईलाच असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिलाच असते, त्या घराने एकदा टोपल्याकडे निरखून पाहावे.

अमर्त्य सेन यांनी या संदर्भात एक जुनी पाहणी वारंवार लक्षात आणून दिली आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळ सिंगूर येथे विधुरांना आणि विधवांना प्रकृतीविषयी विचारण्यात आले. विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी प्रकृती बरी नसल्याचे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या शंभरांत जेमतेम दोन-तीन निघाल्या. त्या काळी बंगालमधील विधवांची स्थिती विधुरांहून बरी होती असे कोणीच म्हणणार नाही. त्यांनी तक्रार करण्याचे सोडून दिले होते, एवढाच याचा अर्थ. तेव्हा 'तिला विचारले, ती समाधानी आहे' हा पुरावा अपुरा आहे. 'पोरीला शिकायची आवडच नाही' असे एखादा बाप म्हणतो, तेव्हा त्या पोरीला पाटी-दप्तर किती दिवस मिळाले आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यात किती दिवस गेले, हे विचारल्याशिवाय त्या आवडीला आवड म्हणू नये. आवडीचा मान राखणे म्हणजे तिच्यापुढे पर्याय ठेवून मग तिला विचारणे.

आता हे सारे घेऊन आपल्या चादरीकडे परत येऊ. जॅकार्डच्या मागावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी उतरवत, पद्मशाली विणकरांच्या हातांनी सोलापूरची चादर नावारूपास आणली. महाराष्ट्रभर तिचा परिचय झाला; पाहुण्यासाठी काढून ठेवण्याच्या वस्तूंत तिला जागा मिळाली; सोलापूरहून येणाऱ्याने ती आणावी असा रिवाज पडला. परिचय आणि प्रतिष्ठा या दोन्ही सामग्री तिच्या बाजूला होत्या. या शतकाच्या पहिल्याच दशकात तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आज शहरातली तरुण जोडपी हलकी, मऊ, कृत्रिम धाग्याची रंगीत पांघरुणे घेतात, आणि ती पुष्कळदा पानिपतच्या बाजूची असतात. 'लोकांची आवड बिघडली' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'पिकते तिथे विकत नाही' अशी तक्रार तर येथल्याही घरांविषयी करता येईल. परंतु मालदांडीच्या बाबतीत आपण लोकांच्या आवडीत दडलेली कारणे शोधली, तीच मर्यादा येथेही पाळली पाहिजे. लहान घरात, यंत्रात कपडे धुणाऱ्या बाईला जाड सुती चादर भिजल्यावर उचलणे जड जाते आणि ती लवकर वाळत नाही. हे कारण खरे आहे. आणि ज्या मुलाच्या अंगावर लहानपणी ती चादर कधी पडलीच नाही, त्याला तिची ऊब आठवण्याचे कारण नाही, हेही तितकेच खरे.

यातून उद्योगाला जो धडा मिळतो तो शहराने काही अंशी आधीच ओळखला आहे. पांघरुणाची मागणी मंदावली तेव्हा अनेक मागांनी तुवाल्याकडे मोर्चा वळवला, आणि आज सोलापूरचे तुवाले परदेशांत जातात. चादरीपुरते बोलायचे तर मानांकन नावाचे रक्षण करील, नकली मालाला आळा घालील. आवड मात्र मानांकनाने निर्माण होत नाही. ती हाताला सूत लागल्याने, अंगाला ऊब लागल्याने, आणि विणकराने धुणारीची अडचण ऐकून चादर हलकी केल्याने निर्माण होईल. गिऱ्हाइकाला दोष देण्यापेक्षा त्याच्या आवडीची सामग्री बदलणे, हा खरा उपाय आहे. व्याख्यान ऐकण्याची आवड तरी दुसऱ्या कोणत्या रीतीने घडली? १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हा तयार श्रोतृवर्ग कोणी आणून दिला नव्हता. दर वसंतात माणसे येऊन बसत गेली, आणि बसता बसता आवड लागली.

शेवटी एक शंका उरते. आवड जर अशी बाहेरच्या सामग्रीतून घडत असेल, तर ती आपली म्हणावी काय? आमचे उत्तर असे की, म्हणावी, पण तपासल्यानंतर. येथे मराठी भाषाच पुन्हा मदतीला येते. आपण वस्तू निवडतो, तसे धान्यही निवडतो. ज्वारी शेतातून आली म्हणून कोणी ती तशीच गिरणीत नेत नाही. सुपात घेऊन खडे, माती, किडका दाणा बाजूला काढतो, आणि उरते ते घरचे अन्न होते. आवडीचेही तसेच करावे. ही वस्तू दुसऱ्या जागी मांडली असती तर मी घेतली असती काय? कोणी पाहत नसते तर? मी हिला हात लावून पाहिले आहे की केवळ नाव ऐकले आहे? दुसरे काही माझ्या आवाक्यात होते काय? आणि माझ्या घरात जो 'मला हेच आवडते' म्हणतो, त्याच्यापुढे दुसरे कधी ठेवले गेले होते काय? एवढे पाच खडे वेचून काढल्यावर जी आवड सुपात उरेल, ती कोठूनही आलेली असो, ती खुशाल आपली समजावी आणि तिच्या बाजूने उभे राहावे.